स्वतःचे मार्क, सरांचे मार्क: पुण्यातल्या एका मेडिसिन पोस्टिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांनी स्वतःला दिलेले मार्क शिक्षकांच्या मार्कांशी ताडून पाहण्याचं हे प्रकरण पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात घडलं. ओळख पटू नये म्हणून महाविद्यालयाचं नाव आणि वर्ष दिलेलं नाही. माणसांची गावं आणि काही तपशील बदलले आहेत. मी तेव्हा तिथल्या मेडिकल एज्युकेशन युनिटचं काम पाहत होते. फॉर्म माझ्याकडे जमा होत, बैठकांची टिपणं मी लिहीत असे, आणि पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्या दोन्ही विद्यार्थ्यांशी मी सविस्तर बोलले आहे.

रुग्णालय मोठं आहे. शहरातल्या वस्त्यांबरोबरच मुळशी, भोर, खेड, दौंडकडून रुग्ण येतात. पावसाळ्यात डेंगी आणि तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरतात, थंडीत दम्याच्या आणि सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार). विद्यार्थ्यांचा क्रम ठरलेला: सकाळी वॉर्डात जाऊन केस घ्यायची, मग सरांसमोर ती मांडायची, सरांनी प्रश्न विचारायचे. यालाच क्लिनिक म्हणतात. पोस्टिंग, म्हणजे विभागातली ठरावीक काळाची पाळी, संपताना एंड पोस्टिंग परीक्षा.

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. तो आणला तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने. २०२० मध्ये तिच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आलं आणि अभ्यासक्रम पुढे चालू राहिला. त्याबरोबर लॉगबुक आलं. कौशल्यांच्या तक्त्यात शिक्षकाने प्रत्येक कामापुढे लिहायचं असतं: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं की अपेक्षेपेक्षा जास्त. काम पूर्ण झालं की पुन्हा करायचं, हेही शिक्षकानेच ठरवायचं. विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती अभिप्राय मिळाल्याची सही. आपल्याला स्वतःला काय वाटलं, हे लिहायला त्या तक्त्यात जागा नाही.

विभागप्रमुखांना हे बरेच दिवस खटकत होतं. त्यांचं म्हणणं असं की ही मुलं उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटी बसणार. तिथे तपासायला सर नसतील. आपलं काम आपल्याला तपासता यायला हवं, आणि त्याची सवय कॉलेजातच लागायला हवी. विचार मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. म्हणून श्वसनसंस्थेच्या केसपासून सुरुवात करायचं ठरलं. फॉर्म सोपा होता: हिस्ट्री (रुग्णाला विचारून घेतलेली माहिती), सामान्य तपासणी, छातीची तपासणी, मांडणी, निदान आणि रुग्णाशी संवाद, प्रत्येकाला दहापैकी मार्क. आधी विद्यार्थ्याने स्वतःला द्यायचे, मग त्याच कागदावर शिक्षकाने.

पहिली फेरी

दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवले की प्रकरण नीट समजतं. एक लातूरकडचा मुलगा. हुशार, वाचन भरपूर, इंग्रजी सफाईदार, सरांसमोर उभं राहायला अजिबात न बिचकणारा. दुसरी जुन्नरकडची मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, जर्नल (केस लिहायची वही) नीटनेटकं, पण क्लिनिकला मागच्या रांगेत. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी एकाच रुग्ण बाईंची केस घेतली. पन्नाशीच्या पुढच्या, मुळशीकडच्या मावशी. धाप आणि जुना खोकला म्हणून दाखल झालेल्या, निदान सीओपीडी.

मुलाने छातीच्या तपासणीत स्वतःला नऊ दिले, सरांनी सात. मुलीने स्वतःला चार दिले, सरांनी पाच.

क्लिनिकमध्ये झालं ते असं. मुलाने केस एका दमात मांडली. सरांनी विचारलं, "विडी-सिगारेट नाही, मग यांना सीओपीडी कशाने?" त्याने अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेबद्दल, म्हणजे फुफ्फुसं खराब करणाऱ्या एका आनुवंशिक दोषाबद्दल, अचूक माहिती दिली. सर खूश झाले. मुलगी मांडताना वाक्यावाक्याला अडखळली, मध्ये थांबली, तिच्या कागदावरचं निम्मं बोलायचं राहून गेलं.

त्या दिवशी एका तरुण शिक्षकाने बॅचसमोर काही फॉर्म वाचून दाखवले. हेतू वाईट नव्हता. आपला अंदाज कुठे चुकतो हे मुलांना कळावं, एवढाच. "याला स्वतःला नऊ वाटतात, मी सात दिलेत. हिला चार वाटतात, मी पाच दिलेत." मुलं हसली. लातूरचा मुलगाही हसला, पण नंतर मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी काय लिहायचं ते कळलं."

अडचण: आकडे जुळले आणि कामाचे राहिले नाहीत

पुढच्या पोस्टिंगला फॉर्म आले ते जवळपास एकसारखे. बहुतेकांनी प्रत्येक रकान्यात सहा लिहिले होते, थोड्यांनी सात. विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे सरासरी मार्क एकमेकांच्या अगदी जवळ आले. विभागाच्या अहवालाच्या मसुद्यात वाक्य आलं की मुलांची स्वमूल्यांकनाची क्षमता सुधारते आहे.

अहवाल पुढे गेला नाही, तो पीएसएम (सामाजिक आणि रोगप्रतिबंधक वैद्यक) विभागातल्या एका मॅडममुळे. आकडेवारी त्या शिकवतात. त्यांनी फॉर्म मागवून घेतले आणि एका मिनिटात गोष्ट स्पष्ट केली. शिक्षकांनी कुणाला चार, कुणाला आठ दिले. मुलांनी सगळ्यांनी सहा लिहिले. सरासरी फरक शून्याजवळच येणार. पण कोण कच्चं आहे आणि कोण पक्कं, याबद्दल मुलांच्या आकड्यांत काहीही उरलेलं नाही. उलट बाजूचीही फसगत त्यांनी दाखवली: प्रत्येक मुलाने सरांपेक्षा बरोबर दोन मार्क जास्त दिले असते, तर सहसंबंध (दोन आकडे सोबत वर-खाली होतात का, याचं माप) पूर्ण आला असता आणि एकही आकडा जुळला नसता. दोन मोजमापांचा सहसंबंध आणि त्यांचं जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात मांडलं. तरीही स्वमूल्यांकनाच्या तुलनेत आजही अनेकदा एक सरासरी किंवा एक सहसंबंध देऊन विषय संपवला जातो.

मुलं स्वतःला तपासत नव्हती. सर किती देतील, याचा अंदाज बांधत होती, आणि चार लोकांत हसं होऊ नये म्हणून मधला आकडा लिहीत होती. या वागण्यात मला आळस दिसत नाही, अप्रामाणिकपणाही दिसत नाही. ज्या वर्गात आपला अंदाज मोठ्याने वाचला जातो, त्या वर्गात शहाणा माणूस खरा अंदाज लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, जी फॉर्ममधून कळलीच नसती

त्याच सुमारास एक रेसिडेंट डॉक्टर माझ्याकडे आल्या. त्या मावशींना डिस्चार्ज देताना त्यांनी घरच्या धुराबद्दल विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, "त्या पोरीला सांगितलं की सगळं. तिने बसून लिहून घेतलं." रेसिडेंटने मुलीचं जर्नल काढून पाहिलं. त्यात होतं: लग्न झाल्यापासून चुलीवर स्वयंपाक, खोपटात धुराडं नाही, तंबाखू विचारल्यावर नाही म्हणाल्या, मिश्री विचारल्यावर रोज लावते म्हणाल्या, पाण्याचा हंडा आणताना धाप लागते, बसल्या जागी नाही.

मुलाच्या जर्नलमध्ये व्यसनांपुढे "नाही" एवढंच होतं. चुलीचा उल्लेख नव्हता. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचं उत्तर पुस्तकात बरोबर आहे. मुळशीच्या खेड्यातल्या, विडी न ओढणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाचं पहिलं कारण शोधायचं ते चुलीत. आपल्याकडच्या ग्रामीण बायकांमध्ये लाकूड, गोवऱ्या आणि काटक्यांचा धूर हे सीओपीडीचं मोठं कारण आहे, हे कुठल्याही छातीरोगतज्ज्ञाला विचारा.

पहिल्या फेरीचे आकडे आता पुन्हा पाहू. मुलगा नऊ, सर सात. मुलगी चार, सर पाच. कोण वरचढ, यावर विद्यार्थी आणि शिक्षक दोघांचंही एकमत होतं. आणि खाटेजवळ जे घडलं होतं, ते नेमकं उलटं होतं. एकमत होण्याचं कारण साधं: दोघांनीही एकच गोष्ट मोजली होती, सरांसमोरची मांडणी. मुलगी स्वतःला चार देत होती, कारण तिच्या मते चांगला विद्यार्थी म्हणजे इंग्रजीत न अडखळता बोलणारा. सर पाच देत होते, कारण त्यांनी तिचं फक्त बोलणं ऐकलं होतं. हिस्ट्री घेताना किंवा छाती तपासताना तिला कुणी पाहिलंच नव्हतं. मुलालाही नाही.

या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षकाचे मार्क खरे आणि विद्यार्थ्याचे त्यांच्याशी ताडून पाहायचे, असं आपण गृहीत धरतो. पण शिक्षकाने काम पाहिलेलंच नसेल, तर दोन ऐकीव अंदाजांची तुलना होते, आणि ते जुळले काय किंवा न जुळले काय, त्यातून शिकायला फार काही मिळत नाही.

अभ्यास काय सांगतात

पुढे काय करायचं हे ठरवायच्या बैठकीपूर्वी मी थोडं वाचन केलं होतं. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा प्रसिद्ध केला. डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि बाहेरून मोजलेली क्षमता यांच्या २० तुलना त्यात होत्या. १३ मध्ये संबंध फारसा नव्हता, अजिबात नव्हता किंवा चक्क उलटा होता. क्रूगर आणि डनिंग यांचा १९९९ चा प्रयोग सगळ्यांच्या तोंडी असतो: तळाच्या चतुर्थांशातले विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरी १२ व्या पर्सेंटाइलला होते आणि स्वतःला ६२ व्याला समजत होते. तो प्रयोग विनोद ओळखणं, तर्क आणि व्याकरण यांवरचा आहे, म्हणून तो वॉर्डातल्या मुलांना सरसकट लावू नये, असं मी बैठकीत आवर्जून सांगितलं. विद्यार्थिनी स्वतःला कमी लेखतात, असंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आमच्या बॅचमध्ये ते डोळ्यांना दिसत होतं, पण बॅच लहान होती, त्यावरून निष्कर्ष काढणं योग्य झालं नसतं.

आम्हाला जास्त उपयोगी पडले ते दुसरे दोन धागे. केव्हिन एव्हा आणि ग्लेन रेगर यांनी २००५ मध्ये प्रश्नच बदलायला सुचवलं: "मी एकूण किती चांगला आहे" हे माणसाला नीट सांगता येत नाही, पण काम करता करता "इथे मला खात्री नाही, इथे थांबायला हवं" हे ओळखणं वेगळं आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने तेच मोलाचं. दुसरा धागा १९९८ चा: मार्टिन, रेगर आणि सहकाऱ्यांनी रेसिडेंटना वेगवेगळ्या दर्जाच्या कामाची चित्रफीत दाखवली, आणि त्यानंतर त्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज तज्ज्ञांच्या जवळ गेले. चांगलं काम कसं दिसतं हे पाहिल्याशिवाय माणूस स्वतःला कशाशी ताडून पाहणार?

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय बंद करण्याचा. दोन ज्येष्ठ शिक्षक या मताचे होते आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नव्हता: कागद वाढतो, वेळ जातो, हाती काही येत नाही. पण बंद केलं असतं, तर मुलांना कुणी पाहतच नाही ही गोष्टही झाकली गेली असती.

दुसरा, स्वमूल्यांकनाला इंटर्नल मार्कांत थोडा वाटा देण्याचा. म्हणजे मुलं मनावर घेतील. यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. माझा विरोध होता. ज्या आकड्यावर परीक्षेला बसणं अवलंबून आहे, तो आकडा स्वतःबद्दल खरं सांगायला कुणी वापरत नाही. शेवटी विभागप्रमुखांनी ठरवलं की स्वमूल्यांकनाचा एकही मार्क कुठल्याही बेरजेत जाणार नाही, आणि तसं लेखी परिपत्रक काढलं. नंतर मुलांशी बोलताना कळलं की त्यांनी फॉर्मपेक्षा ते परिपत्रक जास्त काळजीपूर्वक वाचलं होतं.

तिसरा, सगळं ऑस्कीवर नेण्याचा, म्हणजे वेगवेगळ्या स्टेशनांवर ठरलेल्या वेळात एकेक काम करून दाखवायच्या परीक्षेवर. १९७५ मध्ये हार्डेन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत आता आपल्याकडे रुळली आहे. प्रत्येक स्टेशनवर परीक्षक समोर असतो, म्हणजे न पाहता मार्क देण्याचा प्रश्न राहत नाही. पण मिश्रीचा प्रश्न विचारणारी मुलगी त्या पाच मिनिटांच्या स्टेशनवर दिसली असती का, याबद्दल आमच्यात दुमत होतं.

चौथा, मुलांनी एकमेकांना तपासण्याचा. मैत्रीतले मार्क, म्हणून लगेच बाजूला पडला. आज मला वाटतं की त्यावर अजून थोडं थांबायला हवं होतं.

पाचवा पर्याय स्वीकारला: आकडे काढून टाकायचे, शिक्षकाने प्रत्यक्ष खाटेजवळ उभं राहून पाहायचं, आणि दोघांची टिपणं एकमेकांना न दाखवता लिहून मग शेजारी ठेवायची. खाटेजवळच्या निरीक्षणासाठी नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पुढे आणलेल्या मिनी-सीईएक्सचा आधार घेतला: थोडाच वेळ, एकच काम, पाहायचं आणि लगेच बोलायचं.

काय केलं

सुरुवात शिक्षकांपासून केली. स्किल्स लॅबमध्ये छातीच्या तपासणीचं चित्रण केलं. रुग्ण म्हणून एक इंटर्न बसला. वॉर्डातल्या रुग्णाचं चित्रण करायचं नाही, संमती मिळाली तरी नाही, हे आधीच ठरलं होतं. खाटेवरचा माणूस डॉक्टरांना नाही म्हणताना किती संकोचतो, हे आम्हाला माहीत आहे. चित्रणासाठी लातूरचा मुलगा आपणहून पुढे आला.

युनिटमधल्या तीन शिक्षकांनी ती चित्रफीत पाहून एकमेकांशी न बोलता मार्क दिले: चार, सहा, सात. एकाच मुलाला, एकाच कामाला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कारणं निघाली. एकाने क्रम आणि पद्धत पाहिली होती, दुसऱ्याने आत्मविश्वास, तिसऱ्याने फक्त ठळक चुका वजा केल्या होत्या. उरलेली बैठक "अपेक्षेइतकं" म्हणजे नेमकं काय, हे लिहिण्यात गेली. ट्रॅकिया (श्वासनलिका) बोटाने तपासली का. पाठ उघडून पाहिली का. ठोकून पाहताना डाव्या-उजव्या बाजूची तुलना केली का. स्टेथोस्कोप लावल्यावर रुग्णाला तोंडाने खोल श्वास घ्यायला सांगितलं का. तपासण्याआधी एक्स-रे किंवा इनडोअर पेपर (रुग्णाच्या वॉर्डातल्या नोंदी) पाहिले का. हा शेवटचा प्रश्न एका शिक्षिकेने घातला आणि तो सर्वांत कामाचा निघाला, कारण इनडोअर पेपरवर रेसिडेंटने लिहिलेलं वाचून तेच "सापडलं" म्हणून सांगणं ही वॉर्डातली जुनी सवय आहे.

विद्यार्थ्यांचा नवा फॉर्म याच यादीवरून तयार झाला. किती चांगलं केलं, हे विचारलंच नाही. प्रत्येक ओळीपुढे तीन पर्याय: केलं, केलं नाही, आठवत नाही. खाली दोन मोकळ्या जागा: कशाबद्दल खात्री नाही, आणि सरांनी काय विचारलं तर अडचण होईल. फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत, हवा तसा भरायचा. भरलेला फॉर्म फक्त तो विद्यार्थी आणि तो शिक्षक पाहणार.

लातूरच्या मुलाने चित्रण पाहण्याआधी हा फॉर्म भरला. ट्रॅकियापुढे "केलं" अशी खूण केली. मग त्याने स्वतःची चित्रफीत पाहिली, थांबवली, मागे नेली, पुन्हा पाहिली. त्याने मानेला हातही लावला नव्हता. मांडणीत मात्र "ट्रॅकिया मध्यभागी" असं ठामपणे सांगितलं होतं. मला तो म्हणाला, "मी खोटं लिहिलं नव्हतं मॅडम. मला खरंच वाटत होतं की मी पाहिलं." मी त्याच्यावर विश्वास ठेवते. ज्ञान आणि कृती त्याच्या मनात एकमेकांत मिसळली होती. ट्रॅकिया तपासायची असते हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून ती तपासल्याची आठवणही तयार झाली. नऊ मार्क असे येतात.

जुन्नरच्या मुलीचं निरीक्षण वॉर्डात झालं, दुसऱ्या रुग्णावर. सहायक प्राध्यापक मॅडम खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मुलीने स्टूल ओढून घेतलं, आजींना नाव विचारलं, "बेडका पडतो का, त्याचा रंग कसा असतो" असं त्यांच्या भाषेत विचारलं, पाठ तपासताना आजींच्या अंगावर चादर घातली. तिच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी "आठवत नाही" होतं. मॅडमच्या फॉर्मवर त्याच ओळींपुढे "केलं" होतं. दोन्ही कागद समोर ठेवल्यावर ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. नंतर म्हणाली की केस घेताना तिचं अर्धं लक्ष सरांसमोर कसं बोलायचं याकडेच असतं, म्हणून आपण काय केलं ते तिला आठवत नाही.

आणखी एक बदल, जो सुरुवातीच्या योजनेत नव्हता. समाजसेवा अधीक्षकांनी सुचवलं की रुग्णालाही दोन प्रश्न विचारावेत: डॉक्टरांनी तुमचं ऐकून घेतलं का, आणि काही सांगायचं राहिलं का. मार्क नाहीत, फक्त रुग्णाचे शब्द लिहून घ्यायचे. विचारायचं त्यांनी, विद्यार्थी आणि शिक्षक तिथे नसताना. उत्तराचा उपचारांशी काही संबंध नाही, हे रुग्णाला आधी सांगून.

काय निष्पन्न झालं

मुलांचे अंदाज सुधारले, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला लागते तेवढी मोठी बॅच नव्हती आणि फॉर्मही मध्येच बदलला होता. जे दिसलं तेवढं सांगते.

लातूरच्या मुलाचा आत्मविश्वास तसाच राहिला. पण मांडणीत त्याच्या तोंडी एक नवं वाक्य आलं: "सर, हे मी तपासलेलं नाही." पहिल्यांदा ते ऐकल्यावर एका शिक्षकाने त्याला झापलं. विभागप्रमुखांनी तिथेच थांबवून सांगितलं की हे वाक्य म्हणणाऱ्याला या युनिटमध्ये बोलणी बसणार नाहीत. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात घेतलेला हा सर्वांत मोठा निर्णय होता, आणि तो कुठल्याही बैठकीत झाला नाही. त्यानंतर इतर मुलांच्या मांडणीतही असं प्रामाणिक "नाही" ऐकू येऊ लागलं.

जुन्नरची मुलगी अजूनही स्वतःला कमीच लेखते. दोन कागद शेजारी ठेवून वर्षानुवर्षांची सवय जात नाही. पण सहायक प्राध्यापक मॅडमनी तिला हिस्ट्री आधी मराठीत सांगायला आणि मग इंग्रजीत मांडायला लावलं. काही आठवड्यांत ती मागच्या रांगेतून पुढे आली. विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीतच आहे, ते तिला करावंच लागेल. पण तिला काय येतं आणि काय येत नाही, हे आता तिच्या शिक्षकांना वेगवेगळं दिसतं.

रुग्णांच्या उत्तरांनी सगळ्यांनाच विचारात पाडलं. "ऐकून घेतलं" असं बहुतेक जण म्हणत, ते अपेक्षितच होतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र खरं उत्तर मिळे. एका काकांनी सांगितलं की कामावरून काढतील या भीतीने त्यांनी विडीचा आकडा कमी सांगितला. एका आजींना रात्री झोपताना उशी उंच लागते, हे कुणी विचारलंच नव्हतं. विद्यार्थ्याच्या आणि शिक्षकाच्या, दोघांच्याही फॉर्मवर हिस्ट्री पूर्ण झाल्याची खूण होती.

आणि जे टिकलं नाही तेही सांगायला हवं. पाऊस लागला, डेंगीचे रुग्ण वाढले, जादा खाटा टाकाव्या लागल्या. त्या आठवड्यांत खाटेजवळचं निरीक्षण पूर्ण बंद पडलं. काही शिक्षकांनी निरीक्षण न करताच फॉर्म भरल्याचं माझ्या लक्षात आलं, तेव्हा ते फॉर्म बाजूला काढले. शेजारच्या विभागाला पद्धत दाखवली. त्यांनी वेळ नाही म्हणून नकार दिला.

वेगळं काय करता आलं असतं

शिक्षकांची चित्रफीत-बैठक सर्वांत आधी व्हायला हवी होती. चार, सहा आणि सात हे मार्क पहिल्याच महिन्यात समोर आले असते, तर विद्यार्थ्यांच्या आकड्यांना कशाशी ताडून पाहतो आहोत, हा प्रश्न फॉर्म छापण्याआधी पडला असता.

पहिला फॉर्म करताना एकाही विद्यार्थ्याला विचारलं नव्हतं. मुलांना विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं की फॉर्म कोण वाचणार, ही त्यांची पहिली शंका आहे. गोपनीयतेचा नियम त्या हशानंतर आला. तो आधी असता, तर एक संपूर्ण पोस्टिंग सहा-सहाच्या आकड्यांत वाया गेलं नसतं.

एका गोष्टीवर आमच्यात आजही एकमत नाही. विभागप्रमुखांना वाटतं की वरच्या वर्षांत पुन्हा आकडे आणावेत, कारण इंटर्नशिपला जाताना मुलाला स्वतःची पातळी कळायला हवी. मला वाटतं "केलं, केलं नाही, आठवत नाही" हेच शेवटपर्यंत ठेवावं आणि खात्री नसलेल्या जागांचा रकाना मोठा करावा. त्या रकान्यात मुलं सर्वांत जास्त आणि सर्वांत खरं लिहितात. एका मुलाने लिहिलं होतं, "ब्रॉन्कियल ब्रीदिंग मी प्रत्यक्षात कधी ऐकलेलंच नाही, नुसतं सांगतो." (न्यूमोनियासारख्या आजारात स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा श्वासाचा वेगळा आवाज.) ते वाचून शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी न्यूमोनियाचा रुग्ण शोधून अख्ख्या बॅचला, रुग्णाची परवानगी घेऊन, दोन-दोन करून ऐकवलं. आणखी कितीतरी जणांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं, हे तेव्हा कळलं.

निरीक्षणाचं वेळापत्रक आता पावसाळा सोडून आखलं आहे. जून ते ऑक्टोबर स्किल्स लॅब, नोव्हेंबरपासून वॉर्ड. रेसिडेंटवर हे काम टाकावं का, यावर चर्चा चालू आहे. वॉर्डात मुलांना खरं तर तेच पाहतात, आणि त्या मावशींचं म्हणणं आमच्यापर्यंत आलं तेही एका रेसिडेंटमुळे. पण रात्रभर ड्युटी करून सकाळी राउंड घेणाऱ्या रेसिडेंटच्या हातात आणखी एक फॉर्म देण्याआधी त्यांच्या ड्युटीतून तेवढा वेळ मोकळा करावा लागेल. तो कसा करायचा, हे विभागाने अजून ठरवलेलं नाही.